ऑडिओफाइल एलपी घ्यायची तर कोणत्या लेबलची?

प्रश्न असा आहे: घरात मध्यम किमतीचं टर्नटेबल आहे. जॅझ, साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक आणि थोडं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकलं जातं. वर्षाकाठी मोजक्याच ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या दर्जावर भर देऊन काढलेल्या, रेकॉर्ड्स परदेशातून मागवणं परवडतं. मग मोबाइल फिडेलिटी, ॲनालॉग प्रॉडक्शन्स, ब्लू नोटची टोन पोएट मालिका, स्पीकर्स कॉर्नर यांपैकी पैसे कुठे घालावेत? वन-स्टेप छपाई, १८० ग्राम वजन, ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे) यांनी आवाज खरंच सुधारतो का?

आधी थेट उत्तर. जॅझसाठी टोन पोएट आणि ब्लू नोटचीच स्वस्त क्लासिक व्हिनाइल मालिका. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी डॉइश ग्रामोफोनची ओरिजिनल सोर्स मालिका, ॲनालॉग प्रॉडक्शन्सनं काढलेली आरसीए लिव्हिंग स्टीरिओची तबकडी मिळाली तर ती, आणि स्पीकर्स कॉर्नर. रॉकमध्ये मात्र कुठल्याच लेबलवर डोळे मिटून विसंबू नका, तिथे शीर्षकागणिक चौकशी करावी लागते. खरं म्हणजे ही चौकशी सगळीकडेच करायला हवी. लेबल म्हणजे बहुतेक वेळा हक्क विकत घेणारा आणि छपाई करून घेणारा. आवाज ठरतो तो तीन ठिकाणी: कोणती टेप वापरली, ती लॅकरवर, म्हणजे मऊ लेपाच्या कोऱ्या चकतीवर, खाचेच्या रूपात कोणी आणि कशी कापली, आणि रेकॉर्ड कुठल्या कारखान्यात दाबली. ही तीन उत्तरं जो विक्रेता किंवा जे लेबल स्पष्ट देत नाही, त्याला जादा पैसे देऊ नयेत.

टेपपासून सुरुवात करू. ‘ओरिजिनल मास्टर्सवरून’ हे शब्द स्टिकरवर छापायला सोपे आहेत, आणि त्यांचा अर्थ मूळ टेप कोणीतरी कधीतरी संगणकावर उतरवली आणि त्या फाइलवरून तबकडी कापली, एवढाच असू शकतो. ‘मूळ ॲनालॉग मास्टर टेपवरून, पूर्ण ॲनालॉग साखळी’, म्हणजे मध्ये कुठेही डिजिटल पायरी नाही, असं लिहिलेलं असेल, सोबत कटिंग इंजिनिअरचं नाव असेल, तर ते विधान तपासता येतं. युरोपात ज्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपले त्यांच्या तबकड्या काही कंपन्या स्वस्तात काढतात. १९६२पर्यंतचं बरंच जॅझ त्यात येतं. त्यांच्याकडे मूळ टेप नसते, स्रोत बहुतेक सीडी किंवा तत्सम फाइल असते. जाकीट देखणं, वजन १८० ग्राम, पण त्या पैशांत सीडीच घेतलेली बरी.

मूळ टेप म्हणजे तरी नेमकी कोणती, हेही विचारावं. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं उदाहरण घ्या. २ मार्च १९५९च्या सत्रात कोलंबियाच्या ज्या यंत्रावर मुख्य तीन ट्रॅकची टेप भरली, ते किंचित मंद चालत होतं. योग्य गतीला वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी चढ्या सुरात आली, आणि कित्येक दशकं सगळ्या एलपी तशाच निघाल्या. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर सुरक्षिततेसाठी भरलेली टेप बरोबर गतीची होती. १९९०च्या दशकात तिच्यावरून दुरुस्त आवृत्त्या आल्या. म्हणजे इथे १९५९ची दुर्मिळ पहिली छपाई सुराच्या बाबतीत नंतरच्या चांगल्या रीइश्यूपेक्षा, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्तीपेक्षा, कमी अचूक आहे.

उलट बाजूही आहे. २००८ साली हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत पुष्कळ टेप नष्ट झाल्या. ज्यांच्या टेप उरल्याच नाहीत किंवा ज्यांचा लेप झडायला लागला आहे, त्यांचं जपून केलेलं डिजिटल हस्तांतरण हाच उत्तम स्रोत असतो. डिजिटल म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. तक्रार असायला हवी ती लपवण्याबद्दल.

आता मोबाइल फिडेलिटीची गोष्ट. १९७७ साली सुरू झालेली ही कंपनी हाफ-स्पीड मास्टरिंगमुळे (निम्म्या वेगानं कापणी) आणि जपानमध्ये जेव्हीसीनं दाबलेल्या शांत तबकड्यांमुळे नावारूपाला आली. जुना डोलारा १९९९मध्ये कोसळला आणि नाव नव्या मालकीत पुन्हा उभं राहिलं. २०२२च्या उन्हाळ्यात उघड झालं की २०११पासून तिच्या बऱ्याच तबकड्या, अगदी १२५ डॉलरच्या वन-स्टेपसुद्धा, मूळ टेपवरून थेट कापलेल्या नव्हत्या. टेप आधी डीएसडी या डिजिटल प्रकारच्या फाइलमध्ये उतरवली जात होती आणि कापणी तिच्यावरून होत होती. अमेरिकेत खटला झाला, तडजोड झाली, खरेदीदारांना परताव्याचा पर्याय मिळाला. आता कंपनी प्रत्येक शीर्षकाची साखळी जाहीर करते, ती वाचूनच घ्या. एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: त्या अकरा वर्षांत भल्याभल्या समीक्षकांनी याच तबकड्यांची ॲनालॉग गोडवा म्हणून वाखाणणी केली होती. उच्च दर्जाची डीएसडी पायरी कानाला सहज पकडता येत नाही. म्हणून मोबाइल फिडेलिटी बाद ठरत नाही. पण टेपवरून थेट कापलेल्या तबकडीची किंमत मागितली जात असेल तर टेपवरूनच कापलेली तबकडी मिळायला हवी.

कापणीतली एक बारीक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लॅकर कापणाऱ्या यंत्राला पुढे येणारा आवाज किती मोठा आहे हे आधी कळावं लागतं, म्हणजे खाचांमधलं अंतर त्याला कमी-जास्त करता येतं. त्यासाठी टेपयंत्राला एक जादा प्रिव्ह्यू हेड लागतं. ते टेप क्षणभर आधी वाचतं, मग टेप लांबचा वळसा घेऊन मुख्य हेडपाशी येते. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून अनेक स्टुडिओंनी ही खटपट टाळून डिजिटल डिले बसवला. त्यात यंत्राला सूचना थेट टेपवरून मिळते आणि कापला जाणारा आवाज मात्र डिजिटलमधून उशिरा येतो. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी ‘ॲनालॉग’ एलपी प्रत्यक्षात एकदा डिजिटल होऊन आल्या आहेत. आजही प्रिव्ह्यू हेड असलेली यंत्रं मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि त्यामुळेच चांगल्या रीइश्यूंवर तीच ती नावं दिसतात: कोहिरंट ऑडिओचे केविन ग्रे, बर्नी ग्रंडमन, स्टर्लिंग साउंडचे रायन स्मिथ. या तिघांपैकी एकाचं नाव आणि ‘ॲनालॉग टेपवरून’ हे शब्द एकत्र दिसले, तर लेबल कोणतंही असो, तबकडी घेण्याजोगी असण्याची शक्यता मोठी.

हाफ-स्पीडबद्दल थोडक्यात. टेप आणि लॅकर दोन्ही निम्म्या वेगानं फिरवतात, त्यामुळे दहा हजार हर्ट्झचा स्वर कापताना पाच हजाराचा होतो आणि कटिंग हेडवरचा ताण कमी होतो. झांजा, तंतुवाद्यांची वरची झळाळी छान उतरते. पण खर्जही निम्मा होतो, ३० हर्ट्झचे १५ होतात, आणि टेपयंत्र तिथे नीट वाचत नाही. जुन्या हाफ-स्पीड तबकड्यांचा खर्ज कधी फुगलेला, कधी ढिला वाटतो त्याचं हे एक कारण. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल हाफ-स्पीड कापतात ते डिजिटल फाइलवरून, त्यामुळे ही अडचण टळते, पण ती पूर्ण ॲनालॉग साखळी नव्हे.

कापलेल्या लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. नेहमीच्या पद्धतीत त्यातून फादर, फादरवरून मदर आणि मदरवरून स्टॅम्पर, म्हणजे छपाईचा साचा, निघतो. वन-स्टेपमध्ये मधल्या दोन पायऱ्या गाळून पहिल्याच निकेल साच्यानं रेकॉर्ड दाबतात. दर पायरीला थोडा कण-कण आवाज वाढतो, तो वाचतो. फायदा खरा आहे, पण किरकोळ. एका लॅकरमधून एकच साचा, आणि साच्यातून साधारण हजाराच्या आसपास तबकड्या, म्हणून पुन्हा पुन्हा लॅकर कापावं लागतं. किंमत वाढते ती मुख्यतः इथे. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हापासून जगाला कोऱ्या लॅकरसाठी प्रामुख्यानं जपानच्या एमडीसीवर अवलंबून राहावं लागलं, हेही त्या किमतीत आहे. तीन पायऱ्यांची नीट केलेली टोन पोएट आणि वन-स्टेप यांच्या किमतीत जेवढा फरक आहे, तेवढा आवाजात नाही.

छपाईचा कारखाना मात्र फार महत्त्वाचा. कॅलिफोर्नियातल्या कामारिओचा आरटीआय, कॅन्ससमधल्या सलायनाचा क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज, जर्मनीत डीपहोल्झचा पालास आणि ऑप्टिमल ही चार नावं मागच्या कव्हरवर दिसली की बरं वाटतं. क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज हा ॲनालॉग प्रॉडक्शन्सच्या चॅड कासेम यांचाच कारखाना, २०११मध्ये सुरू झालेला. तरी दोष कोणाकडूनही निसटतात, आणि ते ओळखता यायला हवेत.

पहिला दोष नॉन-फिल. साच्याचं तापमान किंवा दाबाचा वेळ कमी पडला की प्लास्टिक खाचेच्या भिंतीत पुरतं भरत नाही. मग कापड फाटल्यासारखा चर्र आवाज येतो, बहुतेकदा एकाच स्पीकरमधून, दर वेळी त्याच जागी. दिव्याखाली तिरकी धरली तर तिथे राखाडी ठिपक्यांची माळ दिसते. कितीही धुतलं तरी जात नाही. जड तबकडीत प्लास्टिक जास्त, तापायला-निवायला वेळ जास्त, त्यामुळे १८०-२०० ग्रामला हा धोका उलट वाढतो. वजनामुळे आवाज सुधारतो हा समज सोडून द्या. जड तबकडी थोडी कमी वाकते आणि हातात भारदस्त वाटते, खाचेत काय आहे त्याच्याशी वजनाचा संबंध नाही.

दुसरा दोष भोक मध्यावरून सरकलेलं असणं. हिशेब करून बघा: भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, तर शेवटच्या गाण्याशी, म्हणजे ६० मिलिमीटर त्रिज्येवर, वेग दर फेऱ्याला ०.८३ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. दर १.८ सेकंदांनी सूर एकूण सुमारे २९ सेंटनं हलतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). प्रमाण श्रुती २१.५ सेंटची. आपल्याकडच्या संगीतावर घडलेल्या कानाला पियानोचा किंवा बासरीचा लांब सूर असा डुलताना ऐकणं असह्य होतं. सुई उतरवल्यावर टोनआर्म (सुईचा दांडा) डावी-उजवीकडे झुलतोय का बघा. डोळ्याला ठळक दिसला तर तबकडी परत करा. भोक घासून मोठं करण्याच्या फंदात पडू नका, परत करण्याचा हक्कही जातो.

आता लेबलांबद्दल माझं मत. टोन पोएट २०१९मध्ये सुरू झाली, निर्मिती जो हार्ली यांची, कापणी केविन ग्रे यांची, छपाई आरटीआयची, जाकीट जाड पुठ्ठ्याचं दुपानी. क्लासिक व्हिनाइलची कापणीही ग्रेच करतात, टेप उपलब्ध असेल तिथे ॲनालॉगच, छपाई ऑप्टिमलची, जाकीट साधं. फरक प्रामुख्यानं पुठ्ठ्याचा आणि शीर्षकांच्या निवडीचा आहे. बजेट आखडतं असेल तर क्लासिक व्हिनाइलच्या दोन घ्या, पश्चात्ताप होणार नाही. मूळ ब्लू नोट छपाया रूडी व्हॅन गेल्डर स्वतः कापत, त्या काळच्या हलक्या यंत्रांवर सुई उडू नये म्हणून खर्ज आवरून आणि आवाज थोडा दाबून. ग्रे यांच्या कापणीत टेपवरचा खर्ज पूर्ण येतो, डबल बासचं लाकूड ऐकू येतं. जुन्या छपाईत ट्रम्पेट अंगावर येतो तसा इथे येत नाही, हे काहींना खटकतं. मला टेपशी इमान राखणारी कापणी पटते.

क्राफ्ट या लेबलची २०२३पासूनची ओरिजिनल जॅझ क्लासिक्स मालिकाही ग्रे आणि आरटीआयचीच, तेवढीच भरवशाची. काँटेंपररी लेबलची शीर्षकं ॲकॉस्टिक साउंड्स मालिकेत बर्नी ग्रंडमन यांनी कापली आहेत. तरुणपणी ते त्याच काँटेंपररीत कामाला होते, त्या खोलीचा आवाज त्यांच्या कानात आहे. व्हर्व्हची ॲकॉस्टिक साउंड्स मालिका बहुतांशी रायन स्मिथ यांची, छपाई सलायनाची. ॲनालॉग प्रॉडक्शन्सची महागडी, खास आवृत्तीची यूएचक्यूआर पेटी दुसऱ्याला भेट देण्याइतकी देखणी असते, पण साधी ३३ची प्रत उपलब्ध असेल तर मी तीच सुचवतो. लंडनची इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग कंपनी जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांवर शेकड्यांत मोजण्याइतक्या प्रती काढते आणि शेकडो पौंड घेते. ती संग्राहकांची बाब आहे.

शास्त्रीय संगीतात ओरिजिनल सोर्स ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत महत्त्वाची मालिका. सत्तरच्या दशकातली डॉइश ग्रामोफोनची बरीच ध्वनिमुद्रणं चार किंवा आठ ट्रॅकवर झाली होती. तेव्हा त्यांचं आधी दोन ट्रॅकच्या टेपवर मिश्रण करून मग एलपी कापली गेली. आता बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओत रायनर माइलार्ड मिश्रण करत असतानाच सिडनी मायर थेट लॅकर कापतात. टेपची एक अख्खी पिढी वगळली जाते. जुन्या पिवळ्या लेबलच्या तबकड्या पातळ, किरट्या वाटायच्या. त्याच ध्वनिमुद्रणांत आता चेलो आणि डबल बास जागेवर बसलेले ऐकू येतात. इथे रीइश्यू मूळ छपाईपेक्षा स्पष्टपणे सरस आहे.

रॉकमध्ये एकाच कंपनीच्या दोन मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. बीटल्सच्या २०१२च्या स्टीरिओ एलपी डिजिटल रीमास्टरवरून कापल्या. २०१४च्या मोनो एलपी ॲबी रोडवर शॉन मॅगी यांनी मोनो टेपवरून, मध्ये डिजिटल काहीही न आणता कापल्या. दोन्हींवर नाव तेच, छापही तीच. ऱ्हाइनो या लेबलची २०२३पासूनची हाय फिडेलिटी मालिका ग्रे-ऑप्टिमल अशी आहे आणि वॉर्नरच्या खजिन्यासाठी सध्या सर्वांत सरळ पर्याय आहे, फक्त ५,००० क्रमांकित प्रतींची मर्यादा असल्यानं वेळेत घ्यावी लागते. दुपटीनं विकणाऱ्याकडून घेऊ नका.

४५ आरपीएमबद्दल: ३३⅓ला कडेची खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगानं जाते, शेवटची जेमतेम २१. दहा हजार हर्ट्झची एक लहर तिथे २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. ४५ला तोच आतला वेग २८ होतो. त्यामुळे बाजूच्या शेवटी ‘स’, ‘श’ फाटणं, झांजा चिरकणं कमी होतं. किंमत म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं आणि एका एलपीच्या दोन होतात. ४५ घेण्याआधी सुई बदला. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते तो भाग) मालिकेत अंग एकच आहे, सुई ओढून काढता येते. ई प्रकारच्या लंबगोल सुईची बारीक त्रिज्या साडेसात मायक्रॉनच्या आसपास, एमएल प्रकाराची तीन. आतल्या खाचा वाचण्यात जो फरक पडतो तो बहुतेकांना ३३वरून ४५वर जाण्याइतकाच जाणवतो, आणि तो घरातल्या सगळ्या तबकड्यांना लागू होतो. या सुयांचा दाब छोट्या डिजिटल काट्यावर मोजून २ ग्राम ठेवा, १.८च्या खाली उतरू देऊ नका. कमी दाबानं रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खराब करते.

जुन्या प्रती घेताना लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवरचं कोरीव काम विक्रेत्याकडून फोटोत मागवा. ‘केपीजी ॲट सीए’ म्हणजे केविन ग्रे, कोहिरंट ऑडिओ. ‘आरकेएस’ म्हणजे रायन स्मिथ, ‘बीजी’ म्हणजे ग्रंडमन, ‘टीएमएल’ म्हणजे डग सॅक्स यांची मास्टरिंग लॅब. पट्टीवर फक्त यंत्रानं उमटवलेला आकडा असेल आणि जाहिरातीत मोठं नाव असेल, तर थांबा.

परदेशातून आलेली तबकडी परत पाठवणं इथून खर्चिक पडतं, म्हणून जो दुकानदार फोटो आणि चित्रफितीवर बदली प्रत देतो त्याच्याकडूनच घ्या, भलेही दोन-चार डॉलर जास्त लागोत. मागवताना रेकॉर्ड जाकिटाबाहेर ठेवून पाठवायला सांगा, नाहीतर प्रवासात ती शिवणीवर आदळून जाकीट फाटतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पार्सल येणार असेल तर ते गाडीत किंवा गॅलरीत पडू देऊ नका, पन्नास अंशांच्या पुढे तबकडी वाकायला लागते. घरी आल्यावर कव्हरची घट्ट प्लास्टिक लपेट पूर्ण काढून टाका, उन्हाळ्यात ती आकसून जाकिटासकट तबकडी वाकवते. नवी असली तरी एकदा डिस्टिल्ड पाणी आणि फेस न करणाऱ्या सौम्य द्रवाच्या दोन-चार थेंबांनी धुवा, छपाईचे कण निघून जातात. हाच द्रव ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना वापरणार असाल तर त्यात अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागदी आतल्या पिशव्यांना पावसाळ्यात बुरशी धरते आणि तिचे डाग खाचेत उतरतात. आतली पिशवी अँटिस्टॅटिक पॉलिथिनची, बाहेरची पॉलिप्रॉपिलीनची वापरा. मऊ पीव्हीसीची पारदर्शक पिशवी दिसायला छान असते, पण काही वर्षांत तिच्यातलं तेल तबकडीवर धुरकट थर देतं आणि तो निघत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि रेकॉर्ड्स उभ्याच, एकमेकींना आधार मिळेल इतक्या भरून ठेवा.